कल्याणच्या जुन्या पेठेंतून

गेल्या हिंवाळ्यांत माझे एक स्नेही जपानचा प्रवास करून आले. येतांना त्यांनीं छायाचित्रांचा मोठा संग्रह आणला होता, आणि त्यांत कुराशिकी नांवाच्या एका गांवाचीं चित्रें विशेष होतीं. मधून संथ कालवा, त्याच्या कांठावर वाळुंजाचीं झाडें, पांढऱ्या गिलाव्याचीं आणि काळ्या फरशांनीं मढविलेलीं जाड भिंतींचीं कोठारें, रस्त्याकडे अरुंद तोंड करून मागें लांबवर गेलेलीं लांकडी घरें. दोनशें वर्षांपूर्वीं भोंवतालच्या मुलखांतील तांदूळ आणि कापूस येथें येऊन पडे व होड्यांतून समुद्राकडे जाई. गांवाच्या नांवांतच कोठाराचा वाचक शब्द आहे. आज तेथें पोतीं नाहींत. होड्यांतून हौशी प्रवासी फिरतात. पण कोठारें उभीं आहेत. गांवांतल्या ओहारा ह्या धनिक गृहस्थांनीं १९३० सालीं कालव्याकांठींच पाश्चात्य चित्रकलेचें संग्रहालय उघडलें, आणि १९७९ पासून ती सारी पेठ सरकारी संरक्षणाखालीं आहे.

चित्रें आवरतां आवरतां स्नेही म्हणाले, "आपल्याकडे व्यापाऱ्यांचें असें एखादें जुनें गांव राहिलें आहे का हो?" मी ठाण्याचा राहणारा. तोंडांत आलेलें उत्तर 'नाहीं' हेंच होतें, पण तें ओठांबाहेर पडण्यापूर्वीं दुसरेंच एक नांव आठवलें, आणि मी म्हणालों, "राहिलें आहे असें म्हणवत नाहीं. पण आहे. येथून अर्ध्या तासावर आहे, आणि कुराशिकीहून पुष्कळ जुनें आहे." पुढल्याच रविवारीं आम्ही दोघे कल्याणास गेलों.

स्टेशनावर उतरतांच स्नेह्यांचा विरस झाला, आणि तो होणें साहजिकच होतें. पुलावरील रेटारेटी, रिक्षांची रांग, फलकांखालीं झांकून गेलेल्या इमारती ह्यांत प्राचीनतेचा लवलेशही दिसत नाहीं. मीं त्यांस सांगितलें कीं, येथें कांहीं पाहूंच नका. जुनें कल्याण स्टेशनाभोंवतीं नाहीं. तें पश्चिमेस, खाडीच्या अंगास आहे. गांव ज्या वाटेनें जन्मास आलें त्याच वाटेनें त्यांत शिरावें म्हणजे तें कळतें, आणि कल्याणांत माणसें व माल पाण्याकडून शिरत आलेलीं आहेत. म्हणून गांव तसेंच ओलांडून आम्ही प्रथम दुर्गाडीवर गेलों, आणि तेथून उलटे परत फिरलों.

दुर्गाडी म्हणजे खाडीच्या अगदीं कांठावरची लहानशी टेकडी. वर देवीचें देऊळ आहे, तटाबुरुजांचे कांहीं अवशेष आहेत, आणि खालीं भिवंडीकडे जाणारा पूल आहे. वरून पाहिलें म्हणजे ह्या गांवाचें सारें नशीब डोळ्यांपुढें मांडल्यासारखें दिसतें. समोर उल्हास नदीचें भरती-ओहोटीचें पाणी. तें खालीं ठाण्याकडे जातें, तेथून एक वाट मुंबईच्या बंदराकडे व दुसरी घोडबंदरावरून वसईकडे, म्हणजे उघड्या समुद्राकडे. समुद्रावरचें वादळ येथवर पोहोंचत नाहीं. भरतीचें पाणी मात्र पोहोंचतें. आणि पाठीमागें सह्याद्रि. त्याच्या भिंतींत जीं दारें आहेत त्यांपैकीं तीन ह्या एका गांवाकडे उघडतात: ईशान्येस नाशिकच्या वाटेवरील थळघाट, आग्नेयीस पुण्याच्या वाटेवरील बोरघाट, आणि मधोमध, मुरबाडावरून जाणारा नाणेघाट, ज्याच्या माथ्यापलीकडे जुन्नर व त्याही पलीकडे पैठण. देशावरचा माल घाट उतरून जेथें प्रथम गलबताला भेटतो तें ठिकाण कल्याण. हें गांव कोणा राजानें वसविलें अशी कथा ऐकिवांत नाहीं, आणि तशी कथेची गरजही नाहीं. डोंगर व पाणी ह्यांनींच तें वसविलें.

तें किती जुनें आहे ह्याचा पुरावा आपल्या पुराणांत शोधावा लागत नाहीं. तो एका परक्या खलाशानें लिहून ठेविला आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती 'पेरिप्लस' ह्या नांवाच्या पुस्तकांत दिली. त्यांत 'कलिएना' आहे. ग्रंथकार म्हणतो कीं, थोरल्या सारागानसच्या काळीं तें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पण संदानिसाच्या हातीं गेल्यापासून तेथें फार अडथळा झाला आहे, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें गेलेंच तर पहाऱ्याखालीं भडोचला नेलें जातें. सारागानस म्हणजे सातकर्णी ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. ह्या दोन ओळींत केवढें राजकारण भरलेलें आहे! सातवाहन व क्षत्रप ह्यांच्या झगड्यांत एका पक्षानें दुसऱ्याच्या बंदराचें तोंड बांधलें, आणि पैठणचा माल, ज्यास नाणेघाटानें कल्याण सरळ व जवळ होतें, तो बैलगाड्यांनीं दूरच्या भडोचकडे वळवावा लागला. पैठणाहून भडोचला वीस दिवसांची वाट, हेंही त्याच पुस्तकांत आहे. मला ही नोंद वाचतांना नेहमीं त्या अडकलेल्या जहाजाच्या तांडेलाची आठवण येते. त्याच्या पुस्तकांत बंदर उघडें असें लिहिलें असावें, आणि खाडीच्या तोंडाशीं पोहोंचल्यावर पहारेकरी चढून आले असावेत.

बंदर बांधलें गेलें तरी गांव मेलें नाहीं. साष्टी बेटांतील कान्हेरीच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठीं ज्या गुहा खोदल्या त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत, आणि त्यांत कल्याणच्या रहिवाशांची संख्या डोळ्यांत भरते. राजे व अमात्य ह्यांच्या दानाचें आपणांस कौतुक नसतें. तें त्यांचें कामच असतें. पण येथें कल्याणचा एक सोनार पाण्याचें टांकें देतो, आणि कल्याणचा नंद नांवाचा लोहार पायवाट करून देतो. डोंगर चढणाऱ्या भिक्षूच्या पायांस खडे बोंचूं नयेत म्हणून लोहारानें वाट करून द्यावी, आणि त्या वाटेच्या कडेला आपलें नांव व गांव कोरून ठेवावें, ही त्या गांवाची श्रीमंती. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाचा दुसरा एक ग्रीक लेखक 'कलियाना' हें हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारांपैकीं एक म्हणून सांगतो, तेथून तांबें, शिसवी लांकूड व कापड जातें म्हणतो, आणि तेथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरु असतो हेंही नोंदवितो.

येथपर्यंत ऐकून स्नेही म्हणाले, "हें सर्व खरें, पण दिसतें कोठें?" प्रश्न योग्य होता. प्राचीन कल्याणाचा एकही दगड आपल्या जागीं उभा दाखवितां येत नाहीं. जें दिसतें तें सारें गेल्या चार शतकांतलें, आणि तेंही तुटक. पण त्याच तुटकपणांत एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

कल्याण म्हटलें कीं मराठी घरांत सुभेदाराच्या सुनेची गोष्ट प्रथम निघते. ती आख्यायिका आहे; समकालीन कागदांचा आधार तिला मिळालेला नाहीं. तिचा गोडवा मला नाकारावयाचा नाहीं. परंतु तिच्या छायेंत झांकली गेलेली दुसरी गोष्ट मात्र कागदोपत्रीं खरी आहे: १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं ह्याच खाडींत जहाजें बांधावयास आरंभ केला, आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीर लावले. वसईच्या फिरंग्यांच्या तें लक्षांत आलें, तेव्हां त्यांनीं आपलीं माणसें चुचकारून परत नेलीं. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा येथें, ह्या टेकडीच्या पायथ्याच्या पाण्यांत हालला. ज्या शाळकरी मुलास सुनेची गोष्ट पाठ असते त्यास हें ठाऊक नसतें.

त्यानंतर अठरा वर्षांनीं, १६७५ त, फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरास जातांना येथें उतरला. त्यानें पाहिलें तें वैभव नव्हतें, वैभवाचा ढिगारा होता. घडीव दगडांच्या उंच वाड्यांच्या भिंती उभ्या, छपरें गेलेलीं, आणि मोठमोठ्या इमारतींत धान्य सांठविलेलें. मुसलमानी अमलांतील हें संपन्न नगर हातोहात फिरून उद्ध्वस्त झालें होतें, आणि फ्रायर त्याबद्दल मनापासून हळहळला आहे. तेव्हां कल्याणांत हिंडून जुन्या वैभवाच्या खुणा शोधणारे आम्ही कांहीं पहिलेच नव्हतों. पुढें १६८९ च्या सुमारास मोगलांच्या वतीनें मातबरखानानें गांव घेतलें. त्याच्या काळीं, १६९४ सालीं, गांवाभोंवतालचा तट पुरा झाला. चार दरवाजे, अकरा बुरूज, आणि आंत सुमारें सत्तर एकर जमीन, असें १८८२ च्या ठाणें जिल्हा गॅझेटियरांत आहे. खानाची कबर तळ्याजवळ आहे.

मग तो तट गेला कोठें? गॅझेटियर त्याचेंही उत्तर देतें. इंग्रजी अमलांत त्याचे दगड काढून कल्याण व ठाणें येथील धक्के बांधावयास नेले. मला ह्या नोंदीचा राग येत नाहीं हें ऐकून स्नेह्यांस नवल वाटलें. शत्रूनें पाडलेला तट निराळा, आणि गलबतें लागावयास सोय व्हावी म्हणून धक्क्यांत बसविलेला तट निराळा. व्यापारी गांवानें आपलें चिलखत वितळवून त्याची तराजू केली असेंच तें आहे. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा, पण ती पुढें सांगेन.

टेकडी उतरून आम्ही गांवांत शिरलों. लाल चौकी मागें टाकून पारनाक्याच्या बाजूस वळलें कीं रस्ता आपोआप आंखडतो, वाहनांचा आवाज मागें पडतो, आणि पाय हळू चालूं लागतात. नव्या शहरांतले रस्ते रेघेनें आंखलेले असतात. जुन्या पेठेंतले रस्ते पाण्याच्या ओघळासारखे वळत जातात, कारण ते घरांच्या मधून उरलेले असतात. इमारती बहुतेक बदलल्या आहेत. रस्त्याचें वळण मात्र तेंच आहे, आणि त्यास नांवें तींच आहेत. नाका म्हणजे जकातीची चौकी. तेथें माल अडवून मोजला जाई. कासारहाट म्हटलें कीं तांब्यापितळेचीं भांडीं व बांगड्या ह्यांचा बाजार कानांत वाजूं लागतो. कुंभारवाडा, भोईवाडा, बैलबाजार, रेतीबंदर. ह्या नांवांत आतां ना बैल आहे ना भोई. पण तीं ओळीनें वाचलीं तर एका व्यापारी गांवाचा संसार उलगडतो: माल कोणी वाहिला, कशावर वाहिला, कोठें उतरविला, कोठें मोजला आणि कोठें विकला. जपानी पेठेंत कोठारें राहिलीं आहेत. आमच्या पेठेंत त्यांचीं नांवें. हा फरक मोठा आहे, पण नांव हेंही कांहीं थोडें नव्हे.

पारनाक्यावर त्रिविक्रमाचें देऊळ आहे. वामनाचें पाऊल विराट झालें तो हा देव. समुद्र व डोंगर दोन पावलांत घेणाऱ्या ह्या मूर्तीइतका घाटावरच्या व खाडींतल्या व्यापाऱ्यांस योग्य देव दुसरा कोणता? (मूर्ति स्थापणाऱ्यांच्या मनांत असलें कांहीं नसेल, ही माझीच कल्पना.) जवळच सुभेदार वाडा हें नांव आहे. पेशवाईंत कल्याण हें प्रांताचें ठाणें होतें. रामजी महादेव बिवलकर हे तेथले नाणावलेले सुभेदार. १८१७-१८ त हा मुलूख कायमचा इंग्रजांकडे गेला, आणि सुभ्याचें गांव तालुक्याचें झालें. वाड्याचें नांव पुढें शाळेस लागलें, आणि तेथल्या सार्वजनिक गणेशोत्सवानें शंभरी केव्हांच ओलांडली आहे.

ह्याच भागांत एक जोशी घराणें होतें. टपालखात्यांत नोकरीस असलेले गोपाळराव कल्याणांत आले, त्यांनीं त्या घरांतल्या यमुना नांवाच्या मुलीस शिकविलें व पुढें तिच्याशीं लग्न केलें. तीच १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेणारी डॉ. आनंदीबाई जोशी. मोठ्या माणसाचें जन्मगांव सांगून अभिमान मिरविण्याची मला हौस नाहीं. पण समुद्रापलीकडे जावयाचें धैर्य दाखविणारी ती मुलगी ज्या गांवांत वाढली तेथल्या लोकांनीं दोन हजार वर्षें समुद्रापलीकडची माणसें येतां-जातांना पाहिलीं होतीं, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आणि गोपाळराव ज्या टपालाबरोबर आले तें टपाल आगगाडीबरोबर आलें होतें.

आगगाडीचें कारण आतां सांगावयासच हवें. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलांत धांवली हें सर्वांस ठाऊक आहे. ती कल्याणास पोहोंचली १८५४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, खाडीवर पूल बांधून व पारसिकच्या डोंगरास भोंक पाडून. तेथून एक फांटा १८५६ त बोरघाटाच्या पायथ्याशीं गेला, दुसरा १८६१ त कसाऱ्यास. नकाशावर हे दोन फांटे पाहा; इंग्रज इंजिनियरानें जुन्या व्यापाऱ्यांचीच वाट गिरवली आहे. फक्त नाणेघाट गाळला. त्या घाटांत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, आणि जकातीचीं नाणीं टाकावयाचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजणही आहे; तो तेव्हांपासून रिताच.

आतां जपानांतले एक दुसरें गांव घ्या. त्सुमागो हें कियोतो व एदो ह्यांमधल्या डोंगरी हमरस्त्यावरचें मुक्कामाचें गांव. १९११ सालीं तेथला लोहमार्ग पुरा झाला. पण तो नदीच्या कांठानें गेला आणि गांव बाजूस पडलें. गिऱ्हाईक गेलें, तरुण मंडळी गेलीं, घरें तशींच उभीं राहिलीं, कारण तीं पाडून नवीं बांधण्याइतका पैसाच कोणापाशीं नव्हता. साठ वर्षें ही दैन्यावस्था सोसल्यावर १९७१ सालीं गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ठरविलें कीं, घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. १९७५ त जपानी सरकारनें अशा पेठांकरितां कायद्यांत तरतूद केली, दुसऱ्याच वर्षीं त्सुमागो त्या यादींत गेलें, आणि दुरुस्तीचा मोठा भार सरकारनें उचलला. म्हणजे आधीं लक्ष्मी सोडून गेली, म्हणून रूप टिकलें. मग रूप टिकलें होतें, म्हणून तें राखण्याचा निश्चय करतां आला. कल्याणास हा विसांवा कधीं मिळालाच नाहीं. गाडी त्याच्या दारांतून गेली आणि तेथेंच दोन वाटांस फुटली. खाडींतला व्यापार स्टेशनावर गेला, स्टेशनाभोंवतीं नवें गांव झालें, मग गिरण्यांचे व कचेऱ्यांचे नोकर आले, पलीकडे भातशेतीचें डोंबिवली वाढलें, आणि आज दोन्ही मिळून महानगरपालिकेच्या हद्दींत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें बारा लाखांहून अधिक माणसें राहतात. ज्या गांवास रोज हजारों माणसें घर मागतात तेथें सत्तर एकरांची जुनी पेठ जशीच्या तशी कशी राहावी? मीं स्नेह्यांस सांगितलें, कल्याणास दोष देऊं नका. बंदर बांधलें तेव्हां तें मेलें नाहीं, फ्रायरनें पाहिलें तेव्हां पडलें होतें तरी मेलें नाहीं. तें जिवंत राहिलें हाच त्याचा अपराध.

"मग राग कसला येतो?" त्यांनीं मघांची गोष्ट धरून विचारलें. तेवढ्यांत उत्तर आपण होऊन पुढें आलें.

एका आळींत वळलों तों उजव्या हातास एक वाडा दिसला. दोन मजली, कौलारू, रस्त्याच्या बाजूस दगडी ओटा, दाराच्या चौकटीवर गणपति. आम्ही थबकून वर पाहूं लागलों, तशी ओट्यावरच्या खुर्चींतून ऐंशीच्या घरांतले एक गृहस्थ म्हणाले, "मोजणीला आलांत का?"

"नाहीं काका, नुसते पाहत होतों," मी म्हणालों.

"पाहणारेच मागाहून मोजावयास येतात," ते हंसून म्हणाले, आणि आंत येण्यास त्यांनीं खूण केली.

आंत पडवी, मग चौक, चौकांत तुळस, पलीकडे माजघर, त्यापलीकडे विहीर व परस. सागवानी खांब हाताळून गुळगुळीत झालेले. कुराशिकीच्या घरांशीं मीं मनांत ताडून पाहिलें: तेंच अरुंद तोंड, तीच मागची लांबी, पुढें व्यवहार व मागें संसार. रस्त्याच्या दर्शनी फुटाफुटास जेथें किंमत असते तेथें जगांत सर्वत्र घर असेंच होतें. वरच्या मजल्याचा एक कोपरा मात्र खचला होता आणि त्यावर निळें प्लॅस्टिक ताणलें होतें.

त्यांनीं हकीकत सांगितली ती एकट्या त्यांची नव्हे. वाड्याचे हक्कदार एकोणीस. त्यांतले कांहीं पुण्यास, कांहीं परदेशांत. वाड्यांत पांच बिऱ्हाडें, आणि त्यांचें भाडें आजोबांच्या वेळचें. १९४७ च्या कायद्यानें १९४० च्या सप्टेंबरांतलें भाडें प्रमाण ठरविलें; हेतु भाडेकऱ्यांस संभाळण्याचा होता व तो चांगला होता; पण कौलें, वासे व सुतार ह्यांच्या किंमती १९४० सालांत थांबल्या नाहींत. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकऱ्यास जागा सोडवेना, आणि वाडा दोघांच्या मधून खचत गेला. आतां एक विकासक पुढें आला आहे. भाडेकऱ्यांस स्वतःच्या मालकीच्या खोल्या मिळतील, हक्कदारांस वांटा मिळेल. "नाहीं कशास म्हणूं?" त्यांनीं विचारलें. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ओट्यावर बसून दुसऱ्याच्या गळक्या छपराचें सौंदर्य वाखाणणें सोपें असतें.

मला राग येतो तो वाडा पडण्याचा नव्हे. कोणी कांहीं न लिहून घेतां तो पडण्याचा. मुंबईनें १९९५ सालीं वारसा-नियम केले, ते देशांत पहिले गणले जातात. पण त्या यादींत जागा मिळते ती बहुधा कमानीच्या कचेऱ्यांस व राजवाड्यांस. आळींतल्या वाण्या-सावकाराच्या, भिक्षुकाच्या, कारकुनाच्या वाड्याचा नकाशा कोण काढणार? एक फीत, एक वही आणि एक रविवार ह्यांहून अधिक साहित्य त्यास लागत नाहीं. पाडण्यापूर्वीं वाड्याचें मोजमाप व छायाचित्रें दाखल केलींच पाहिजेत, एवढी एकच अट नगरपालिकेनें घातली, तरी पन्नास वर्षांनंतर कोणास हें गांव कागदावर तरी उभें करतां येईल. हें काम शाळांनीं करावें, मुलांकडून करवून घ्यावें. गणेशोत्सवाच्या मंडपाचें माप घेणारीं मुलें वाड्याचें माप घेतील. तळीं व रस्त्यांचीं वळणें मात्र राखलींच पाहिजेत, कारण तीं कोणा एकाच्या मालकीचीं नाहींत आणि त्यांवर एकोणीस हक्कदारांच्या सह्या लागत नाहींत.

हें मी जरा आवेशानेंच बोललों असावा. ते गृहस्थ कांहीं न बोलतां उठले, माजघरांतल्या फडताळांतून एक जुना रुमाल काढून आणला, आणि माझ्यापुढें ठेवून म्हणाले, "तुम्हांस मोडी येतें?"

थोडें येतें, असें मी म्हणालों. रुमाल सोडला. कागद वाळवीनें कडेला खाल्लेले, पण शाई काळीभोर. पहिल्याच बंदांत हिशेब होता: भाताच्या खंड्या, मिठाचे मण, पडावाचें भाडें, आणि मुरबाडाकडून आलेल्या बैलांचा आंकडा. अक्षर वळणदार व घाईचें. लिहिणाराच्या मागें कोणी तरी पैशासाठीं उभा असावा असें. स्नेही, ज्यांस मोडीचें एक अक्षर येत नव्हतें, तेही वांकून पाहूं लागले.

"हें कोणास द्यावें?" गृहस्थांनीं विचारलें. "मुलगा म्हणतो, कशाला ठेवतां. रद्दींत घालवत नाहीं."

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. दोन्हींचीं नांवें मीं सांगितलीं. त्यावर ते म्हणाले, "देईन. पण आधीं त्यांत काय आहे तें मला वाचून दाखवा. आमच्याच घरचें आहे, आणि आम्हांलाच ठाऊक नाहीं."

त्या दिवशीं आम्हांस पांच बंद वाचतां आले. परततांना गाडी पारसिकच्या डोंगराखालून चालली असतां स्नेह्यांनीं जपानचीं चित्रें पुन्हां काढलीं नाहींत. मीं टिपून घेतलेले भाताचे दर ते पाहत बसले होते. पुढच्या रविवारीं पुन्हां जावयाचें ठरलें आहे. वाड्याच्या करारावर सह्या अक्षय्यतृतीयेनंतर व्हावयाच्या आहेत, आणि फडताळांत रुमाल एकंदर अकरा आहेत.